डब्लिनचं दप्तर कुणी जाळलं? १९२२ चं फोर कोर्ट्स प्रकरण

आयर्लंडमध्ये कुणी आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला निघालं की लवकरच एक उत्तर त्याच्या तोंडावर फेकलं जातं, "ते सगळं बावीस साली जळलं." जन्माची नोंद नाही? बावीस साली जळली. पणजोबाचं मृत्युपत्र? बावीस साली. हे ऐकून लोक गप्प बसतात आणि शोध तिथेच थांबतो. पण हे उत्तर निम्मंच खरं आहे, आणि उरलेलं निम्मं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण त्यात सरकारी खाती, चर्च, कारकून, पेन्शनवाले म्हातारे असे सगळे येतात. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. डब्लिनमधून लिफी नदी वाहते, तिच्या उत्तर काठावर हिरव्या घुमटाची एक लांबलचक इमारत आहे, ती फोर कोर्ट्स. जेम्स गँडन नावाच्या आर्किटेक्टने ती अठराव्या शतकाच्या शेवटी पूर्ण केली. तिथे देशाची मोठी न्यायालयं होती आणि आजही आहेत. याच आवारात मागच्या पश्चिम बाजूला पब्लिक रेकॉर्ड ऑफिस होतं, म्हणजे सरकारी अभिलेखागार. ते १८६७ च्या कायद्याने उभं राहिलं. त्याआधी आयर्लंडची कागदपत्रं गावभर विखुरलेली, काही डब्लिन कॅसलच्या बुरुजात, काही कस्टम हाऊसमध्ये, काही कोर्टाच्या कुठल्या तरी खोलीत, ओलीने आणि हेळसांडीने खराब होत पडलेली. आगीही नव्या नव्हत्या. १३०४ साली सेंट मेरीज ॲबीला आग लागली त्यात चॅन्सरीचे, म्हणजे सरकारी सचिवालयाचे, दस्त गेले, १७११ मध्ये एसेक्स स्ट्रीटवरच्या सरकारी ऑफिसला लागली त्यात आणखी गेले. त्यामुळे सगळं एकाच भक्कम जागी आणायचं हा विचार चुकीचा होता असं कुणीच म्हणणार नाही. त्या काळी तर तो एकदम मॉडर्न विचार होता. पहिला उपप्रमुख म्हणून सॅम्युअल फर्ग्युसन नावाचा वकील आणि कवी नेमला गेला आणि खुर्ची त्याने मनापासून सांभाळली.

इमारतीचे दोन भाग होते. पुढे रेकॉर्ड हाऊस, तिथे कर्मचारी बसायचे आणि वाचकांची खोली होती. मागे रेकॉर्ड ट्रेझरी, म्हणजे खरं कोठार, लोखंडी गॅलऱ्या, वर काचेचं छत, सहा मजले नुसती दप्तरं. दोन्हीच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली. हिशेब असा की वाचकांच्या खोलीत शेकोटी असणार, दिवे असणार, माणसं असणार, आग लागली तर तिकडेच लागेल, आणि ती मागच्या कोठारापर्यंत पोचता कामा नये. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पन्नासेक वर्षं तिथे कागद येत राहिले. तेराव्या शतकापासूनचे कोर्टाचे आणि खजिन्याचे दस्त, मृत्युपत्रं, जनगणनेच्या वह्या. हर्बर्ट वुड या अधिकाऱ्याने तर १९१९ मध्ये कोठारात काय काय आहे याची छापील सूचीच काढली, एक जाडजूड पुस्तक. त्यानंतर तीन वर्षांत ते पुस्तक म्हणजे गेलेल्यांची यादी होऊन बसलं.

आता १९२२. डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटनबरोबर तह झाला, दक्षिणेला फ्री स्टेट म्हणजे साम्राज्याच्या आत राहून स्वराज्य मिळालं. यावरून कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले लोक दोन गटात फुटले. तह नको म्हणणाऱ्या आयआरएच्या, म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या, गटाने १३ एप्रिलच्या रात्री फोर कोर्ट्सचा ताबा घेतला, त्यात रोरी ओ'कॉनर, लियम मेलोज, अर्नी ओ'मॅली असे लोक होते. जवळजवळ अडीच महिने ते तिथेच होते, आणि मायकल कॉलिन्सचं नवं सरकार त्यांना हात लावायला कचरत होतं. आपल्याच माणसांवर गोळी कोण झाडणार? या काळात रेकॉर्ड ऑफिसच्या भागात दारूगोळा ठेवला गेला, बॉम्ब बनवायचं कामही तिथेच. जाड वह्या आणि दप्तरं खिडक्यांना आडोसा म्हणून लावली. म्हणजे तेराव्या शतकापासूनचे कागद आणि स्फोटकं एका छपराखाली आली.

जूनच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. २२ जूनला लंडनमध्ये सर हेन्री विल्सन या ब्रिटिश फील्ड मार्शलचा खून झाला आणि लंडनचा दबाव एकदम वाढला. मग फोर कोर्ट्सवाल्यांनी सरकारी सैन्याचा एक मोठा अधिकारी, जनरल ओ'कॉनेल, पळवून नेला. २८ जूनला पहाटे सरकारी सैन्याने नदीपलीकडून तोफा डागायला सुरुवात केली. तोफा ब्रिटिशांकडून उसन्या आणलेल्या, अठरा पौंडी, आणि चालवणाऱ्यांना त्यांची फारशी सवयसुद्धा नव्हती. इथून आयर्लंडचं यादवी युद्ध सुरू झालं.

दोन दिवस मारा चालला. २९ तारखेला सैनिकांनी रेकॉर्ड ऑफिसच्या बाजूने आत घुसून तो भाग घेतला, म्हणजे स्फोट झाला तेव्हा तिथे सरकारी सैनिक होते, ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. ३० जूनला आग पसरत गेली आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. बरेच सैनिक जखमी झाले, कोठाराचं छत उडालं, आणि काळ्या धुराचा खांब शहरावर चढला. त्या धुराबरोबर कागद वर गेले. जळकी, अर्धवट जळकी पानं रस्त्यांवर, गच्च्यांवर, बागांमध्ये पडत राहिली, काही पार हाऊथपर्यंत गेली असं सांगतात, आणि हाऊथ तिथून चांगलं दहा किलोमीटरच्या वर, समुद्रात घुसलेलं टोक. लोकांनी आठवण म्हणून पानं उचलून घरी नेली. मग ती परत आणून द्या अशी विनंती करायची वेळ आली. त्याच दिवशी दुपारी आतल्या लोकांनी शरणागती पत्करली.

स्फोट कुणी केला यावर आजपर्यंत वाद आहे. सरकार म्हणालं, जाताना मुद्दाम सुरुंग लावून ठेवला. आतले लोक म्हणाले, सुरुंग बिरुंग काही नाही, तोफांनी आग लागली आणि ती साठ्यापर्यंत पोचली. मला विचाराल तर जबाबदारी वाटायचीच असेल तर ती दोघांनाही वाटा. दप्तरखान्यात दारूगोळा ठेवणारे एक, आणि तिथे दारूगोळा आहे हे माहीत असताना त्यावर तोफा लावणारे दुसरे. कागद वाचवायचे म्हणून कुणी एक दिवस थांबलं नाही. लढाईत एवढा विचार कोण करतो म्हणा, पण आधीचे अडीच महिने होते की.

आणि ती मधली मोकळी जागा? तिने काम केलं! फक्त उलट्या बाजूने. आग कोठारात लागली आणि मोकळ्या जागेमुळे पुढच्या वाचकांच्या इमारतीपर्यंत आली नाही. खुर्च्या, टेबलं, ऑफिस वाचलं, सात शतकं गेली. त्या दिवसांत जे थोडे कागद कुणी वाचायला मागवले म्हणून पुढच्या इमारतीत होते, तेही वाचले. इंजिनिअरने आखलेला नकाशा बरोबर होता, फक्त आग कुठून येईल हा अंदाज चुकला.

आता नुकसानीकडे या. सगळ्यात मोठं दुःख कशाचं करायचं तर माझ्या मते जनगणनेचं. १८२१, १८३१, १८४१, १८५१ या चार जनगणनांच्या मूळ वह्या तिथे होत्या, त्यातले थोडे तुकडे सोडले तर सगळ्या गेल्या. १८४१ ला आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती, १८५१ ला ती साडेपासष्ट लाखांवर आली, मध्ये बटाट्याचा दुष्काळ आणि परदेशी पळालेली माणसं. आणि १८५१ च्या फॉर्मवर घरात कोण राहतं एवढंच विचारलेलं नव्हतं, मागच्या दहा वर्षांत घरातलं कोण कोण मेलं हेही विचारलं होतं. म्हणजे दुष्काळात मेलेल्यांची घरोघरची नावं वयासकट लिहिलेली होती. आकडे छापून ठेवले होते म्हणून आकडे उरले. नावं गेली.

पण थांबा, १८६१, १८७१, १८८१, १८९१ च्या जनगणनांचं काय? लोक सर्रास त्याही बावीसच्या खात्यात टाकतात. साफ चूक. १८६१ आणि १८७१ च्या वह्या आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट करायला लावल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगदा करायला पाठवल्या. एक तोफ नाही, एक गोळी नाही, नुसता एक शेरा मारला असेल कुणी तरी फाईलवर. चार जनगणना स्फोटात गेल्या आणि चार टेबलावर गेल्या. पण टेबलावर गेलेल्यांवर कुणी पोवाडे रचत नाही. १९०१ आणि १९११ च्या मात्र शाबूत राहिल्या, कारण त्या तोवर या कोठारात आल्याच नव्हत्या, आणि आज त्या ऑनलाइन फुकट बघता येतात.

इथून प्रकरणाची खरी गंमत सुरू होते. काय वाचलं आणि का वाचलं हे एकेक करून बघत गेलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ज्यांनी नियम इमानाने पाळला त्यांचं गेलं आणि ज्यांनी टाळाटाळ केली, हट्ट केला किंवा ज्यांच्यावर नियम लागूच नव्हता त्यांचं राहिलं.

चर्चचंच घ्या. चर्च ऑफ आयर्लंड हे प्रोटेस्टंट चर्च पूर्वी सरकारी मान्यतेचं होतं, ती मान्यता १८७१ पासून गेली. मग १८७५-७६ च्या कायद्यांनी त्यांच्या जुन्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदवह्या सरकारी रेकॉर्ड ठरवल्या आणि डब्लिनला जमा करा म्हटलं. पाळकांनी कुरकुर केली, तेव्हा सवलत दिली की तुमच्याकडे सुरक्षित ठेवायची सोय असेल तर ठेवा. हजारावर पॅरिशनी, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या विभागांनी, वह्या पाठवल्या, त्या जवळजवळ सगळ्या जळल्या. सहाशेच्या वर पॅरिशनी वह्या आपल्याच तिजोरीत ठेवल्या, त्या राहिल्या. काहींनी तर पाठवण्याआधी नक्कल करून घेतली होती, ते शहाणे. कॅथलिक चर्चच्या वह्यांवर सरकारचा हक्कच नव्हता म्हणून त्या गावोगावच्या पाद्र्यांकडेच पडून होत्या, आणि पडून होत्या म्हणूनच आज आहेत. नॅशनल लायब्ररीने नंतर त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि २०१५ मध्ये त्या सगळ्यांसाठी नेटवर टाकल्या. बहुसंख्य आयरिश लोक कॅथलिक, म्हणजे "सगळं जळलं" हे उत्तर निम्म्याहून जास्त लोकांच्या बाबतीत चर्चपुरतं तरी खोटंच आहे.

डब्लिन शहराचंही तसंच. महापालिकेने स्वतःची कागदपत्रं स्वतःकडे ठेवली होती, सरकारी कोठारात दिलीच नव्हती. ११७१-७२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री डब्लिनला आला आणि त्याने हे शहर ब्रिस्टलच्या लोकांना राहायला दिलं, तशी छोटीशी सनद लिहून दिली. एका शहरातल्या लोकांना दुसरं शहर देऊन टाकायचं, राजेलोकांचा कारभार बघा. ती सनद आजही शहराच्या अभिलेखागारात आहे. जमिनीच्या व्यवहारांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री ऑफ डीड्स १७०८ पासूनची, ती हेन्रिएटा स्ट्रीटवर वेगळ्या इमारतीत, तीही वाचली. डब्लिन कॅसलमध्ये स्टेट पेपर ऑफिस होतं, त्यात १७९८ च्या बंडाचे पोलिसी कागद, खबऱ्यांची पत्रं, सगळं शाबूत. म्हणजे राजधानीतली जी खाती एकत्र आली नाहीत, आपापली सुभेदारी सांभाळून बसली, ती तरली.

मृत्युपत्रांची कथा याहून मजेशीर. मूळ मृत्युपत्रं तर गेली, पण सर विल्यम बेथम नावाचा एक गृहस्थ होता, घराण्यांच्या वंशावळी आणि मानचिन्हं सांभाळणारा सरकारी अधिकारी. त्याने एकोणिसाव्या शतकात १८०० पूर्वीच्या वरच्या धर्मन्यायालयातल्या मृत्युपत्रांतली नाती टिपून वह्याच्या वह्या भरल्या होत्या. कुणाचा मुलगा कोण, कुणाची बायको कुठल्या घरची, एवढंच. आज त्या वह्या म्हणजे सोनं. १८५८ नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी मृत्युपत्रांच्या नकला ठेवायची पद्धत पडली होती, डब्लिनला मूळ जायचं आणि जिल्ह्याला नक्कल राहायची, त्या नकला टिकल्या. पैसे घेऊन लोकांच्या वंशावळी शोधून देणारे एजंट होते, टेनिसन ग्रोव्हज वगैरे, त्यांनी गिऱ्हाइकांसाठी उतरवून घेतलेले कागदही नंतर शोधून शोधून विकत घेतले गेले.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं ते पेन्शनचं प्रकरण. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरच्या गरिबांना १ जानेवारी १९०९ पासून पेन्शन मिळायला लागली, आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत. आता सत्तरी सिद्ध करायची कशी? आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी सरसकट सुरू झाली १८६४ ला, त्यामुळे या म्हाताऱ्यांकडे दाखलाच नाही. काही जण सांगायचे की ६ जानेवारी १८३९ चं ते मोठं वादळ आलं त्या रात्री मी हातात बटाटा धरून खाण्याएवढा होतो, आणि अधिकाऱ्यांना असल्या आठवणी ऐकून घ्याव्या लागायच्या. पण पक्का पुरावा हवा तर १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत नाव शोधायचं. त्यासाठी फॉर्म भरायचा, आईबापाचं नाव, गाव, पॅरिश, तालुका, काउंटी. मग रेकॉर्ड ऑफिसातला कारकून वही काढायचा, त्या घराची नोंद सापडली तर फॉर्मवर उतरवायचा, नाही तर "सापडलं नाही" लिहून मोकळा. वह्या जळल्या, फॉर्म राहिले. त्या कारकुनांनी कंटाळत, रोजचं काम म्हणून उतरवलेल्या ओळी आज कित्येक घरांसाठी दुष्काळाच्या काळातला एकमेव पुरावा आहेत. पाच शिलिंगांसाठी केलेला अर्ज!

अशीच एक गोष्ट आपल्याकडची. कंपनीच्या आणि ब्रिटिश फौजेत आयरिश सैनिक ढिगाने होते, पुणे-खडकीच्या छावण्यांतही. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवल्या जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे एखाद्या आयरिश माणसाला गावच्या चर्चची वही जळाली म्हणून पणजोबाचा जन्म सापडत नाही, पण पणजोबाच्या पोराचा खडकीतला बाप्तिस्मा मात्र सापडू शकतो.

स्फोटानंतर राखेतून सुमारे २५ हजार पानं गोळा झाली. चामड्यावर लिहिलेले दस्त उष्णतेने आकसून लाकडासारखे कडक झालेले, उलगडायला गेलं तर मोडायचे. ते तपकिरी कागदात बांधून ठेवले आणि बरेच तर कित्येक दशकं तसेच पुड्यांत राहिले. दरम्यान इतर हालचाली झाल्या. देशाची फाळणी झालीच होती, तेव्हा उत्तरेत बेलफास्टला १९२३ मध्ये वेगळं रेकॉर्ड ऑफिस काढलं, तिथे डी. ए. चार्ट हा डब्लिनच्याच ऑफिसातला अनुभवी माणूस गेला. त्याच्याकडे जुने कागद जवळजवळ नव्हतेच, म्हणून तो वकिलांच्या ऑफिसांकडे, जमीनदारांच्या वाड्यांकडे वळला, तुमच्याकडच्या पेट्या द्या म्हणून. दक्षिणेत १९२८ मध्ये आयरिश मॅन्युस्क्रिप्ट्स कमिशन निघालं, उरलंसुरलं छापून काढायला. फोर कोर्ट्सची इमारत १९३२ पर्यंत पुन्हा उभी राहिली, रेकॉर्ड ऑफिसही त्याच आवारात परत आलं. पुढे १९८६ च्या कायद्याने रेकॉर्ड ऑफिस आणि स्टेट पेपर ऑफिस मिळून नॅशनल आर्काइव्हज झालं. ते आज बिशप स्ट्रीटवर आहे, जिथे पूर्वी जेकब्सची बिस्किटं बनायची आणि १९१६ च्या उठावात बंडखोरांनी जी फॅक्टरी धरली होती, त्या जागेवर. डब्लिनमध्ये कुठेही जा, कुठल्या ना कुठल्या उठावाची जागा पायाखाली येतेच.

मग अलीकडे ट्रिनिटी कॉलेजच्या लोकांनी एक वेगळाच घाट घातला. कोठार जळलं, पण तिथल्या कागदांच्या नकला जगात कुठे कुठे आहेत ते शोधून कोठार कॉम्प्युटरवर परत रचायचं. आधार कशाचा? हर्बर्ट वुडच्या त्या १९१९ च्या सूचीचा. कुठल्या कप्प्यात काय होतं हे त्याने लिहूनच ठेवलं होतं, आता एकेक कप्पा भरायचा. जगभरची सत्तरच्या वर अभिलेखागारं आणि ग्रंथालयं मदतीला आली. सगळ्यात मोठं घबाड लंडनलाच होतं, कारण मध्ययुगात डब्लिनच्या खजिन्याचा हिशेब तपासायला वेस्टमिन्स्टरला जायचा आणि त्याच्या प्रती तिथेच राहायच्या. ज्या राज्यकर्त्यांचा हिशेब द्यायला आयरिश खजिनदार नाखुशीने समुद्र ओलांडून जायचे, त्यांच्याच कपाटात आयर्लंडचा तेराव्या-चौदाव्या शतकाचा जमाखर्च सापडला. २७ जून २०२२ ला, शंभर वर्षं भरायच्या तीन दिवस आधी, हे व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी सगळ्यांसाठी खुलं झालं, फुकट. सहा मजली कोठाराचं थ्रीडी मॉडेलही आहे, आत हिंडता येतं. त्या तपकिरी पुड्याही आता उघडून, ओलावा देऊन, उलगडून फोटो काढले जाताहेत.

पण हे कोठार एकसारखं भरत नाही. राजाचा पैसा जिथे गेला तिथे दोन-तीन प्रती निघाल्या, त्यामुळे १२९० सालच्या सरकारी खर्चाचे कप्पे बऱ्यापैकी भरतात. जमिनीचे वाद, श्रीमंतांची मृत्युपत्रं, यांच्याही नकला कुणी ना कुणी काढून घेतल्या होत्या. १८५१ ला मेयो किंवा कॉर्कमधल्या मातीच्या झोपडीत कोण राहत होतं आणि दहा वर्षांत त्यातलं कोण मेलं, याची नक्कल कुणाला लागणार होती? एखाद्या म्हातारीने सत्तरी गाठून पेन्शनचा अर्ज केला असेल, तर तिच्या घरापुरता तो कप्पा भरतो.